हजेरीपट मुंबईत, किल्ली यवतमाळात



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, ‘क्लाउडवर ठेवलेल्या दप्तराशी सुरक्षित जोडणी का अडते, आणि अडली तर दोष कसा शोधावा.’ चिटणीस क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. कामगार चळवळीतला माणूस बोनसवर बोलेल, किमान वेतनावर बोलेल, फार तर कापसाच्या भावावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. शिवाय आमचे शिक्षण दहावीच्या पुढे गेले नाही, हेही त्यांना ठाऊक. पण या विषयाचे आणि आमच्या जन्मभरच्या कामाचे नाते फार जवळचे आहे. ते आधी सांगतो.

आम्ही चळवळीत पडलो ते एका हजेरीपुस्तकापायी. हंगामात जिनिंगमध्ये कापूस वेचायला ज्या बाया येत, त्यांतल्या निम्म्यांची नावे पुस्तकात नसत. आणि पुस्तकात जी नावे असत त्यांतली काही माणसे गेटाच्या आत कधी दिसत नसत. १९४८ च्या कारखाने कायद्यात प्रौढ कामगारांचे नोंदपुस्तक ठेवण्याचे बंधन होते. परंतु पुस्तक मालकाच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली दिवाणजीच्या कमरेला. हजेरीपट ज्याच्या हाती त्याच्या हाती मजुरी, हा धडा आम्ही तिथे शिकलो, आणि पुढे संघटनेतर्फे आमच्या बायांची, बिगाऱ्यांची, गवंड्यांची स्वतंत्र हजेरी वहीत मांडू लागलो.

आता तोच हजेरीपट यंत्रात गेला आहे. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवरून हजेरी घेण्याची सक्ती झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत नोंदपुस्तके इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याची मुभा आहे. म्हणजे उद्या एखाद्या बाईने ‘माझे दिवस दाखवा’ म्हटले, तर वही उघडून दाखवायची नाही; कुठल्यातरी दूरच्या यंत्राशी जोडणी करून दाखवायचे. आणि जोडणी झाली नाही तर? ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यात यवतमाळपासून झरी जामणीपर्यंत सर्वांना तोंडपाठ झाले आहे. त्या वाक्याच्या पोटात काय काय दडलेले असते, एवढेच आज उलगडून दाखवायचे आहे.

आमच्या संघटनेच्या वह्यांना वाळवी लागली, तेव्हा आम्हीही दप्तर क्लाउडवर नेले. क्लाउड म्हणजे ढग. पण ढगात काही नसते. मोठ्या कंपन्यांनी बांधलेल्या थंड केलेल्या इमारतींत यंत्रांच्या रांगा असतात, आणि त्यांतला एखादा कोपरा आपण महिन्याच्या भाड्याने घेतो. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे अशी केंद्रे उघडली. ॲमेझॉनचे मुंबईचे केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झाले. आमचे कपाटही मुंबईत आहे. तिथे सभासदांची नावे आहेत, त्यांचे आधार क्रमांक आहेत, बँकेचे खाते क्रमांक आहेत, आणि कोण कोणत्या साइटवर किती दिवस राबले ते आहे. शेवटची बाब गुत्तेदाराच्या हाती पडली, तर उद्या कोणाला कामावर घ्यायचे नाही याची आयती यादीच त्याला मिळेल. म्हणून कपाट उघडे टाकून चालत नाही. आणि बंद राहूनही चालत नाही, कारण दारात माणसे उभी असतात.

यवतमाळातल्या आमच्या जुन्या संगणकापासून मुंबईच्या त्या कपाटापर्यंत जाताना चार दरवाजे लागतात. पहिला पत्त्याचा. कपाटाला एक लांबलचक नाव असते. त्या नावाचा अंकांतला पत्ता शोधून द्यावा लागतो. दुसरा रस्त्याचा. त्या पत्त्यावर ठराविक क्रमांकाच्या खिडकीशी जावे लागते, पोस्टग्रेस असेल तर ५४३२, मायएसक्यूएल असेल तर ३३०६, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल तर १४३३. आणि वाटेत पहारेकरी असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. तिसरा दरवाजा ओळखीचा व मोहोरेचा. चौथा आपल्या नावाचा आणि परवलीच्या शब्दाचा. आपल्या लोकांना चौथाच तेवढा माहीत असतो. म्हणून कुठेही अडले की ‘पासवर्ड चुकला असेल’ म्हणून तो बदलत बसतात, आणि तिसऱ्या दारातला घोळ चौथ्या दारापर्यंत पसरवतात.

तिसरा दरवाजा नीट समजला पाहिजे; सारी मेख तिथे आहे. आपल्याला कापसाची गाठ माहीत आहे. १९२५ साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा जो कायदा झाला, त्याने दाबलेल्या प्रत्येक गाठीवर कारखान्याची ठरवून दिलेली खूण आणि अनुक्रमांक घालण्याचे बंधन आणले. हेतू असा की, मुंबईच्या व्यापाऱ्याने गाठ फोडली आणि आत ओला कापूस निघाला, तर ती कोणत्या गावच्या कोणत्या प्रेसमधली हे कळावे. खूण कारखानदाराने मनाने काढायची नाही. ती सरकारदरबारी ठरलेली. कपाटाच्या दारात जे प्रमाणपत्र दाखवले जाते, ज्याला सर्टिफिकेट म्हणतात, ते याच जातीचे. त्यावर कपाटाचे नाव असते, ते कधीपासून कधीपर्यंत चालेल त्या दोन तारखा असतात, आणि एका मान्यवर संस्थेची सही असते. आपल्या संगणकात अशा मान्यवर संस्थांची यादी आधीच ठेवलेली असते. दाखवलेल्या कागदावरची सही त्या यादीशी जुळली, नाव जुळले, आणि आजची तारीख त्या दोन तारखांच्या मध्ये बसली, तरच आपला संगणक पुढे बोलतो. गाठीवरची खूण रंगाचा डबा घेऊन कोणीही रंगवू शकतो. ही सही गणिताची असल्यामुळे तशी उतरवता येत नाही.

ओळख पटली की दोघे मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढचे सारे बोलणे त्या किल्लीने बंद करतात. गंमत अशी की, ही किल्ली उघड्या तारेवरूनच ठरवली जाते, आणि मध्ये कान लावून बसलेल्याला ती कळत नाही. डिफी आणि हेलमन या दोन अमेरिकन विद्वानांनी ही युक्ती १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. ती आम्हाला समजायला नगरवाचनालयात तीन संध्याकाळी लागल्या. आज इथे उन्हाळ्यात तुम्हाला तेवढे बसवून ठेवणार नाही. एवढेच ध्यानात ठेवा की, मध्ये बसलेला नुसता ऐकत असेल तर ती युक्ती पुरते; पण मध्ये बसलेलाच ‘मी कपाट आहे’ म्हणून पुढे आला, तर आपण त्याच्याशीच किल्ली ठरवून बसू. म्हणून ओळख आधी.

आता आमची फजिती सांगतो.

मे महिना होता. रात्री वादळ झाले, लाईन गेली, ती सकाळी आली. बांधकामावर रेजा काम करणाऱ्या चाळीसेक बाया हजेरीचा उतारा न्यायला आल्या होत्या. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केलेले असावे लागे. त्या अर्जासोबत आमचा उतारा जोडायचा होता. आणि अर्जाची मुदत जवळ आलेली. आमच्याकडे संगणकाचे काम पाहणारा एक मुलगा आहे. त्याने जोडणी केली, तर पडद्यावर तांबडी ओळ: प्रमाणपत्र ग्राह्य नाही. पुन्हा केली, पुन्हा तेच. त्याने राउटर बंद करून चालू केला. मोबाईलचे नेट लावून पाहिले. तेच. दहा वाजले, अकरा वाजले.

दारातल्या एक बाई म्हणाल्या, “भाऊ, आज नाही झालं त उद्या पुन्हा रोज बुडवाचा का?”

मुलगा आमच्याकडे वळून हळूच म्हणाला, “काका, तपासणी बंद करण्याची एक सोय आहे. करू का?”

आणि आम्ही, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हजेरीपुस्तकांची तपासणी मागितली, ते म्हणालो, “कर.”

एका मिनिटात कपाट उघडले. भराभर उतारे निघाले, सही-शिक्का झाला, एक वाजेपर्यंत बाया घरी गेल्या. आम्हाला हायसे वाटले. चौथ्या दिवशी अर्ज परत आले. उताऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, छपाईची तारीख होती: १ जानेवारी २०१५. ज्या साइटवरचे दिवस त्या उताऱ्यात लिहिलेले, ती इमारत २०१५ साली पायातही नव्हती. परत करणाऱ्या कारकुनाला आम्ही दोष देणार नाही. आम्हीही परत केले असते.

झाले होते ते इतकेच. संगणक बंद असताना त्यातले घड्याळ एका रुपयाएवढ्या चपट्या सेलवर चालत राहते. तो सेल संपला होता. रात्रभर लाईन नव्हती, घड्याळ मेले, आणि सकाळी ते आपल्या जन्मतारखेवर जाऊन उभे राहिले. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवून घेण्याची सोय असते. ती आमच्या यंत्रावर कोणीतरी बंद करून ठेवलेली. मुंबईच्या कपाटाने दाखवलेले प्रमाणपत्र अगदी खरे होते. पण आमचा संगणक २०१५ सालात बसलेला, त्याला ते पुढच्या काळातले वाटले. म्हणून तो अडला, आणि बरोबरच अडला. तो सांगत होता की तारखेत गफलत आहे. आम्ही त्याचे तोंड बांधले, आणि ती गफलत चाळीस बायांच्या कागदांवर उमटली. त्यांचा आणखी एक रोज बुडाला. तो रोज संघटनेच्या निधीतून भरून द्यावा असा ठराव आम्ही स्वतः मांडला.

त्या सकाळी दोष शोधण्यासारखा होता का? होता. मोबाईलचे नेट लावूनही तीच तांबडी ओळ आली, तेव्हाच राउटर निर्दोष ठरला होता. त्याच संगणकावर बँकेचे पानही उघडत नव्हते. मुलाने ते पाहिले होते, पण ‘नेट हळू आहे’ म्हणून सोडून दिले. तेच पान त्याच नेटवर त्याच्या मोबाईलवर उघडत होते. म्हणजे रस्ता ठीक, मुंबई ठीक; दोष आमच्या टेबलावरच्या यंत्रात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे. पंपाचा मेकॅनिक हेच करतो. आधी फ्यूज पाहतो, मग स्टार्टर, मग मोटर. तिन्ही एकदम उघडून बसत नाही. आम्ही तपासणी बंद केली ती म्हणजे फ्यूज उडतो म्हणून जागी खिळा ठोकण्यासारखी गोष्ट.

आणखी एक सांगितले पाहिजे. सेल बदलला, वेळ जुळवली, टेबलावरच्या संगणकाची तपासणी पुन्हा चालू केली. पण तीच मांडणी मुलाने लॅपटॉपवरही उतरवून घेतली होती, आणि तो लॅपटॉप घेऊन तो तालुक्याच्या गावी हॉटेलातल्या फुकटच्या वायफायवर बसे. ते आमच्या ध्यानात दिवाळीत आले. मधल्या पाच महिन्यांत त्या वायफायच्या मालकाने मनात आणले असते, तर मुंबईचे कपाट म्हणून आपलेच पेटारे पुढे करता आले असते, आणि आमचा लॅपटॉप त्यालाच परवलीचा शब्द सांगून मोकळा झाला असता. कपाट फोडल्याची खूण राहते. या चोरीची राहत नाही.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना, कारण पुष्कळ शिकलेली मंडळीही फसतात. त्याला काही सांगितले नाही तर तो ‘प्रिफर’ या रीतीने वागतो, म्हणजे जमले तर मोहोरबंद, न जमले तर उघडे, आणि आपल्याला कळवतही नाही. ‘रिक्वायर’ म्हटले की मोहोर सक्तीची होते, परंतु समोरचा कोण हे तो सहसा पाहत नाही. पाकीट चिकटवले पण कोणाच्या हाती दिले ते पाहिले नाही, तसे. ‘व्हेरिफाय-सीए’ म्हटले की सही पाहतो. ‘व्हेरिफाय-फुल’ म्हटले की सहीबरोबर नावही पाहतो. आमच्याकडे आता हा शेवटचाच शब्द लिहिलेला असतो.

नाव पाहण्यावरून आणखी एक प्रसंग. एकदा पत्त्याचा दरवाजा अडत होता, म्हणून मुलाने कपाटाचा अंकांतला पत्ता टिपून घेऊन थेट तोच घातला. जोडणी होईना. कारण प्रमाणपत्रावर नाव आहे, अंक नाहीत. संगणक म्हणतो, मी ज्याला हाक मारली तो हा नव्हे. शिवाय ते अंक कंपनी दुरुस्तीच्या वेळी न सांगता बदलू शकते. तेव्हा नावानेच हाक मारावी.

बाकीच्या तक्रारी भराभर सांगतो. नावच सापडत नाही असे आले, तर स्पेलिंग पाहा, मग नाव शोधून देणारी सेवा पाहा. बराच वेळ थांबून ‘वेळ संपली’ असे आले, तर बहुधा वाटेतल्या पहारेकऱ्याने आपला निरोप मुकाट्याने टाकून दिला आहे. उलट तत्काळ ‘नकार’ आला, तर आपण घरापर्यंत पोचलो, पण त्या खिडकीत कोणी बसलेले नाही. खिडकीचा क्रमांक तपासा. आणि परवलीचा शब्द चुकला असे आले, तर आनंद माना, पहिले तीन दरवाजे उघडले. पिंग नावाची हाक मारून पाहण्याची खोड सर्वांना असते. क्लाउडवरची कित्येक कपाटे त्या हाकेला मुद्दामच ओ देत नाहीत, म्हणून तेवढ्यावरून यंत्र मेले असे समजू नये. सकाळी चालते आणि जेवणाच्या सुट्टीनंतर मरते, असे असेल तर मधल्या यंत्रणांनी निजलेली जोडणी तोडलेली असते. कार्यक्रमाला ती पुन्हा जोडायला शिकवावे लागते. ‘फार जोडण्या झाल्या’ असे आले, तर आपल्याच कोणीतरी दारे उघडून तशीच सोडली आहेत.

पहारेकऱ्याबद्दल मात्र थोडे थांबले पाहिजे. कपाटाशी कोणी यायचे, त्यांच्या पत्त्यांची यादी त्याच्याकडे द्यावी लागते. आपल्या घरगुती नेटचा बाहेरचा पत्ता राउटर बंद-चालू केला की पुष्कळदा बदलतो. काल आत घेतलेला माणूस आज अनोळखी ठरतो, आणि लाईन वारंवार जाणाऱ्या गावात हे वारंवार होते. वैतागून कोणीतरी यादीत चार शून्ये लिहितो. त्याचा अर्थ, साऱ्या जगाला मुभा. मग जगही येते; चीनपासून ब्राझीलपर्यंतची यंत्रे परवलीचे शब्द लावून पाहू लागतात. दुसरे असे की, कित्येक नेट-कंपन्या आता एकाच बाहेरच्या पत्त्यावर शेकडो घरे बसवतात. तेव्हा आपला पत्ता यादीत घातला म्हणजे मोहल्लाही घातला. आम्ही शेवटी कंपनीला थोडे जास्त पैसे देऊन कायमचा पत्ता घेतला. ते जमत नसेल त्याने व्हीपीएनची बंद नळी घालून घ्यावी.

मान्यवर संस्थांच्या यादीविषयी मी मी म्हणणारेही गाफील राहतात. त्या संस्थांच्या मूळ प्रमाणपत्रांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असे एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले, आणि ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेच्या सह्या कित्येक जुन्या यंत्रांना एकाएकी अनोळखी झाल्या. ॲमेझॉनच्या भाड्याच्या डेटाबेसांचे २०१९ सालचे मूळ प्रमाणपत्र ऑगस्ट २०२४ मध्ये संपले. मायक्रोसॉफ्टच्या सेवांत पूर्वी वापरले गेलेले ‘बाल्टिमोर सायबरट्रस्ट’ १२ मे २०२५ रोजी. ज्यांनी नवी यादी उतरवून घेतली नाही, त्यांचे काम एका सकाळी थांबले, आणि त्यांनी ‘काल तर चालत होते’ म्हणून मुंबईला शिव्या दिल्या. साध्या प्रमाणपत्रांची मुदत तर आखूड होत चालली आहे. सप्टेंबर २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवसांवर आली. एप्रिल २०२५ मध्ये ठरले की, टप्प्याटप्प्याने मार्च २०२९ पर्यंत ती ४७ दिवसांवर आणायची.

सही करणारी संस्थाच चुकली तर? असेही घडले आहे. जुलै २०१४ मध्ये आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सहीची, गूगलच्या नावांची बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा संस्थांवर एक नियंत्रक नेमलेला आहे. त्याने त्या केंद्राची ती मधली प्रमाणपत्रे रद्द केली. दिवाणजीवर मुनीम, मुनिमावर निरीक्षक, अशी ती उतरंड आहे. आणि निरीक्षकावरही कोणाचे तरी लक्ष लागते, हे आम्हा चळवळीतल्या माणसांना नवे नाही.

आमच्या कार्यालयात संगणकाशेजारी आता एक लाल कापडी बांधणीची वही टांगलेली आहे. जोडणी अडली की पहिल्यांदा यंत्राची तारीख पाहून ती वहीत लिहायची, मग पडद्यावरची ओळ जशीच्या तशी, मग काय बदलले आणि काय झाले. कोणतीही तपासणी बंद करायची असेल तर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात, आणि पुन्हा केव्हा चालू केली ती वेळ त्याच ओळीत लिहावी लागते. त्या रकान्यात आजवर एकच नोंद आहे. तिच्यापुढे सही आमची आहे, आणि दुसरी जागा रिकामी आहे.